झाडांच्या विद्येची नावे

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात योहानेस द एंदेम याच्या छापखान्यातून एक पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडले. भारतातली ‘सिंपल्स’, औषधी द्रव्ये आणि वैद्यकाच्या इतर वस्तू यांच्यावरचे हे संवाद आहेत. लेखक गार्सिया द ओर्ता. संवाद दोघांत चालतो: एक स्वतः ओर्ता, दुसरा युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा वैद्य. रुआनो काल्पनिक आहे, जुन्या ग्रंथांच्या बाजूने शंका काढण्यासाठी उभा केलेला. पुस्तकाच्या १५३व्या पत्रावर हा रुआनो ओर्ताला एका झाडाची आठवण करून देतो. तुमचा तो मोलाचा घोडा ज्या झाडाने बरा झाला, ते कोणते?

ओर्ताचे उत्तर असे. झाडाचे नाव निंब, आणि त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या लोकांत हेच नाव चालते. त्याचा गुण त्याला बालाघाटात कळला. खोगिराने सोलून निघालेल्या, चिघळलेल्या आणि काही केल्या साफ न होणाऱ्या घोड्यांच्या पाठी त्याने तिथे या झाडाने बऱ्या केल्या. निंबाचा पाला ठेचायचा, लिंबाच्या रसात कालवायचा आणि जखमेवर थापायचा.

या चार ओळींत इतिहासाच्या अभ्यासकाला हवे ते बरेच आहे. झाड आहे, त्याचे स्थानिक नाव आहे, उपयोगाची रीत आहे आणि जागा आहे. ‘बालाघाट’ म्हणजे काय, हेही ओर्ता याच पुस्तकात फोडून सांगतो. समुद्र आणि डोंगर यांच्यामधला तो कोकण, डोंगरापलीकडचा तो बालाघाट. ‘बाला’ म्हणजे फारसीत वरचा, ‘घाट’ म्हणजे डोंगर. आपल्या देशबांधवांना पटावे म्हणून पोर्तुगालमधल्या ‘त्राझ-उश-मोंतिश’ या डोंगरापल्याडच्या प्रांताचा दाखलाही तो देतो. म्हणजे त्याचा बालाघाट हा सह्याद्रीच्या वरचा सगळा देश. आज आपण बालाघाट म्हणतो ती नगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून जाणारी डोंगररांग, आणि जामखेड तालुक्यातला खर्डा याच रांगेच्या टापूत आहे. दोन्ही बालाघाट एकच समजण्याचा मोह इथे टाळला पाहिजे. ओर्ता खर्ड्यापर्यंत आला असे म्हणायला एका अक्षराचाही आधार नाही. तो अहमदनगरच्या निजामशहाकडे जात होता, एवढे मात्र त्याच्याच तोंडून पक्के कळते.

खर्ड्याचे नाव इतिहासात येते ते मराठे आणि निजाम यांच्यातल्या ११ मार्च १७९५च्या लढाईमुळे. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापलेली पटवर्धनांची पत्रे आपण वाचतो ती फौजांच्या हालचालींसाठी, तहाच्या वाटाघाटींसाठी. सुलतानजी निंबाळकरांनी १७४३मध्ये बांधलेल्या त्या किल्ल्यात निजाम अली कसा कोंडला गेला, हे आपण शोधतो. पण हजारो घोड्यांच्या दोन फौजा महिनोन्‌महिने चालत आल्या, तर सोललेल्या पाठींचा प्रश्न रोजचाच असणार आणि त्यावर पाला ठेचणारे हातही असणार. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. एवढे खरे, की दोन-अडीचशे वर्षांआधी याच पठारावरच्या या कामाची छापील नोंद झालेली होती. अशा जाणकारीला तेव्हा काय म्हणत? आज आपण सहज ‘वनस्पतिशास्त्र’ म्हणतो. १५५०च्या सुमारास, अहमदनगरच्या दरबारात, झाडे ओळखण्याच्या या विद्येला नाव कोणते होते?

आधी काळ ठरवू. ओर्ता १५३४मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा याच्या ताफ्यातून लिस्बनहून निघाला आणि त्याच वर्षी गोव्यात उतरला. ज्या राजाचे तो ‘निझामोशा’ म्हणून भरभरून वर्णन करतो तो पहिला बुऱ्हाण निजामशहा, आणि तो वारला १५५३मध्ये. म्हणजे दोघांच्या भेटी या एकोणीस वर्षांतल्या. पोर्तुगिजांचे चौलचे ठाणे निजामशाहीच्या किनाऱ्यावरच होते, त्यामुळे ओर्ताची वाट चौलवरून घाट चढून गेली असणे संभवते. बुऱ्हाणच्या पदरी पोर्तुगीज माणसे होती. मूळचा मातोझिन्योशचा तोफची सांचो पिरिश तिथे मोठ्या पदाला चढला होता, हे ओर्ताच सांगतो. परक्या वैद्याला दरबारात दुभाषा मिळायला अडचण नव्हती.

आता सगळ्यात मोलाचा उतारा. ओर्ता लिहितो की राजाने स्वतः त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली, त्याने राजाला तीच लॅटिनमध्ये शिकवली, आणि राजाला याचा फार आनंद झाला. हा उतारा काउंट फिकाल्यो याने १८९१ ते १८९५ या काळात काढलेल्या सटीप आवृत्तीत आहे, क्लेमेंट्स मार्कमच्या १९१३च्या इंग्रजी भाषांतरातही आहे. बहुतेक लेखक तो राजाच्या रसिकतेचा दाखला म्हणून देतात आणि पुढे जातात. मला तो भाषेच्या इतिहासातला साक्षीपुरावा वाटतो. एक पोर्तुगीज वैद्य आणि एक दख्खनी सुलतान समोरासमोर बसले आहेत आणि एकेका वस्तूसाठी दोन भाषांतले शब्द जुळवत आहेत. त्या बैठकीत ओर्ताच्या शीर्षकातला पहिलाच महत्त्वाचा शब्द, ‘सिंपल्स’, आला असेल तर राजाने त्याला काय जोड दिली?

‘सिंपल’ म्हणजे साधे, एकेरी. अनेक द्रव्ये कुटून, उकळून केलेल्या काढ्या-चूर्णांच्या उलट, एकाच झाडाचे एकटे औषध. सोळाव्या शतकातल्या युरोपात झाडांची विद्या याच नावाने शिकवत. पादुआच्या विद्यापीठात १५३३मध्ये फ्रांचेस्को बोनाफेदे याला नेमले ते ‘सिंपल्स’ शिकवायला, आणि तिथली प्रसिद्ध बाग १५४५मध्ये उभी राहिली ती हीच एकेरी औषधे विद्यार्थ्यांना ओळखता यावीत म्हणून. झाडाचा झाड म्हणून अभ्यास अजून वैद्यकापासून सुटा झाला नव्हता.

या शब्दाचे मूळ गॅलेन या ग्रीक वैद्यापर्यंत जाते. एकेरी औषधांवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आहे. तो अरबीत गेला तेव्हा ‘एकेरी’साठी ‘मुफ्रद’ हा शब्द आला, अनेकवचन ‘मुफ्रदात’. युरोपीय भाषांतरकारांनी त्याच कल्पनेसाठी ‘सिंप्लेक्स’ वापरला. म्हणजे बुऱ्हाणचा ‘मुफ्रदात’ आणि ओर्ताचा ‘सिंपल्स’ हे एकाच ग्रीक शब्दाचे दोन वंशज. वेगळ्या वाटांना लागलेली ही भावंडे अहमदनगरात एकमेकांसमोर आली, असे चित्र उभे राहते. यातला शब्दाचा वंश निश्चित आहे. ती विशिष्ट शब्दजोडी त्या बैठकीत उच्चारली गेली, हे अनुमान.

अनुमानाला टेकू देणारा दुसरा साक्षीदार नगरचाच आहे. मुहंमद कासिम हिंदूशाह, म्हणजेच इतिहासकार फिरिश्ता, लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला, मुर्तजा निजामशहाच्या पदरी राहिला आणि १५८९मध्ये विजापूरला गेला. त्याचा इतिहास सगळे वाचतात. त्याचे वैद्यकावरचे फारसी पुस्तक, ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’, फार थोडे. भारतीय वैद्यांची विद्या मुसलमान वाचकांना समजावी म्हणून ते लिहिले आहे, आणि त्याची मांडणी बोलकी आहे: आधी एकेरी औषधे, मग मिश्र औषधे, मग रोग आणि उपचार. मुफ्रदात आणि मुरक्कबात हीच ती जोडी. बुऱ्हाणनंतर दोन पिढ्यांनी, त्याच दरबारी वातावरणात वाढलेला लेखक आयुर्वेदाची सामग्रीसुद्धा याच चौकटीत बसवतो. दरबारी फारसीत या विद्येचे नाव काय असणार, याबद्दल त्यानंतर फारशी शंका उरत नाही.

पण दरबार म्हणजे मुलूख नव्हे. पाला ठेचणारा माणूस फारसी बोलत नव्हता. त्याच्या बाजूचे कागद शोधायचे तर पुन्हा ओर्ताकडेच जावे लागते, कारण त्याच्या पुस्तकात इतर माणसांचीही ये-जा आहे. ‘अंतोनिया’ अशी हाक मारली की बाहेर जाऊन डहाळी, फळ, मूळ आणून देणारी घरातली चाकर मुलगी आहे. मालुपा नावाचा हिंदू वैद्य आहे; निशोत्तराच्या संवादात तो स्वतः बोलतो. ‘मालुपा’ हे पोर्तुगीज कानाने ऐकलेले रूप. गोव्यातल्या सारस्वतांत म्हाळपा हे नाव होते, त्यावरून हा कोणी म्हाळपा असावा असा माझा तर्क आहे. पण तर्कच.

माणसांची नावे अशी निसटली तरी झाडा-रोगांची नावे पकडता येतात, आणि तिथे पडताळा घेता येतो. पोर्तुगीज लिपीत ‘एक्स’चा उच्चार ‘श’ होतो, हे एवढे ध्यानात ठेवले की पुरे. एका संवादात निरोप्या येतो: दों जेरोनिमोच्या भावाला एकाएकी उलट्या-जुलाब सुरू झाले आहेत, लगेच चला. ओर्ता रुआनोला रोग समजावून सांगतो आणि म्हणतो, इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही ते बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. कोणत्याही मराठी घरात हा शब्द ओळखीचा आहे: मोडशी. पोर्तुगिजांना ‘ड’ उच्चारता येत नसल्याने एकदा त्याचा ‘र’ झाला, एकदा ‘र्द’. दोन्ही चुका मिळून मूळ अक्षर नेमके सिद्ध करतात. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही या शब्दाचा माग काढत संपादक मराठी ‘मोडणे’पर्यंत पोहोचले आहेत.

‘पारिजाताको’ला तर पडताळ्याचीही गरज नाही. या झाडाची कथाही ओर्ता देतो. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने टाकल्यावर जीव देणाऱ्या सरदारकन्येच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. ओर्ताने झाडाला ‘दुःखी झाड’ म्हटले. पुढे लिनेअसने १७५३मध्ये ‘निक्टँथेस आर्बोर-ट्रिस्टिस’ असे नाव पक्के केले, त्यातला उत्तरार्ध म्हणजे ओर्ताच्या पोर्तुगीज नावाचे लॅटिन. फणसासाठी तो सांगतो की मलबारात ‘जाका’ आणि कानडीं व गुजरातेत ‘पनाझ’. त्याचे ‘कानडीं’ म्हणजे गोव्याची बोली, आपली कोकणी. ‘ब्रिंदोंइश’ म्हणजे भिरंड, ज्याच्या सालीची आमसुले होतात. याच रूपावरून पुढे थुआर्स या फ्रेंच अभ्यासकाने ‘ब्रिंदोनिया’ असे वंशनाम केले.

हे काम पद्धतशीर केले ते गोव्यातल्या आसगावच्या दोन भावांनी, आणि त्यांची आठवण मराठी वाचकाने ठेवायला हवी. डॉ. दानियेल जेलाझिओ दालगादो यांनी १८९४मध्ये ओर्ताच्या संवादांतल्या झाडांची शास्त्रीय ओळख पटवणारे पुस्तक काढले आणि १८९८मध्ये गोवा-सावंतवाडीच्या वनस्पतींची सूची. धाकटे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१९ आणि १९२१मध्ये पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा कोश दोन खंडांत छापला. एकाने झाडे शोधली, दुसऱ्याने शब्द. ओर्ताच्या एखाद्या ओळीवर दोघांचा कौल जुळला की आपण निर्धास्त व्हावे.

दुसरीकडे, हा पुरावा जवळपास पुसलाही गेला होता. क्लूसियस या फ्लेमिश अभ्यासकाला हे पुस्तक इबेरियाच्या प्रवासात हाती लागले. त्याची समासात टिपणे केलेली प्रत केंब्रिजला आहे. १५६७मध्ये त्याने अँटवर्पहून लॅटिन संक्षेप छापला, आणि युरोपने ओर्ता वाचला तो या संक्षेपातून. क्लूसियसने संवाद काढून टाकले आणि मजकूर झाडवार लावला. अभ्यासकाला सोय झाली. पण अंतोनिया गेली, मालुपा गेला, निरोप्या गेला. झाडांची माहिती उरली आणि ती कोणाच्या हाती होती हा भाग गळाला. गोव्याच्या मूळ छापील प्रती टिकल्या नसत्या, तर मोडशीचा शब्द सांगणारा माणूस कधी होता हेच आपल्याला कळले नसते. खुद्द ओर्ताच्या वाट्याला तरी वेगळे काय आले? १५६८मध्ये तो वारला. तो छुपा ज्यू होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८०मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. त्याआधी, १५६९मध्ये, त्याच्या बहिणीला जिवंत जाळले होते.

मालुपासारखे वैद्य आपल्या विद्येला काय म्हणत, याचा थेट पुरावा शंभर वर्षांनी मिळतो, तोही कोचीनला. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या झाडांवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, ‘हॉर्टुस मलबारिकुस’; तो आम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. पहिल्याच खंडात तीन वैद्यांचे संयुक्त प्रमाणपत्र आहे: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. काळ एप्रिल १६७५. रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. भाषा कोकणी, लिपी नागरी, आणि तो मजकूर जसाच्या तसा ठशावर कोरून छापलेला. पुस्तकातल्या चित्रांवरही झाडांची नावे इतर लिप्यांसोबत नागरीत कोरलेली आहेत. युरोपात छापलेली नागरी अक्षरे इतक्या लवकरच्या काळात फार थोड्या ठिकाणी सापडतात. या वैद्यांनी झाडांचे गुण आपल्या एका पोथीवरून सांगितले, आणि तिचे नाव लॅटिन अक्षरांत वेडेवाकडे उतरले असले तरी ओळखता येते: महानिघंटु.

निघंटु! मूळ अर्थ शब्दांची यादी. यास्काने ज्यावर निरुक्त लिहिले तो वैदिक शब्दांचा संग्रहही निघंटुच. वैद्यांनी हाच शब्द द्रव्यांच्या पोथीसाठी वापरला. या परंपरेत झाडांची विद्या म्हणजे आधी नावांची विद्या. एका झाडाची दहा नावे, त्यांतली काही रूपावरून, काही गुणावरून, काही मुलखावरून. ती पाठ झाली की झाड ओळखता आले. ओर्ता आणि बुऱ्हाण समोरासमोर बसून जे करत होते, ते या अर्थाने निघंटुच रचणे होते.

म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले कागद आपल्याला तीन शब्द देतात: मुफ्रदात, सिंपल्स, निघंटु. ‘वनस्पतिशास्त्र’ त्यांत नाही. मग आजचा शब्द आला कुठून?

‘वनस्पति’ ऋग्वेदाइतका जुना. वनाचा पती, रानाचा धनी. मोठे झाड, आणि यज्ञातला यूपही. पण शास्त्राच्या ग्रंथांत त्याचा अर्थ अगदी अरुंद आहे. चरक जमीन फोडून वर येणाऱ्या सगळ्यांना ‘औद्भिद’ असे एक नाव देतो आणि त्यांचे चार वर्ग पाडतो: वनस्पति, वानस्पत्य, वीरुध, ओषधि. मनुस्मृतीचा पहिला अध्याय आणि अमरकोशाचा वनौषधिवर्ग यांतही व्याख्या स्पष्ट आहे. फुलाशिवाय ज्याला फळ येते तो वनस्पति. वड, पिंपळ, उंबर. फुलून फळणारा तो वानस्पत्य. फळ पिकले की जी मरते ती ओषधि. या हिशेबाने आंबा वनस्पति नव्हे, तुळस नव्हे आणि निंबही नव्हे.

ही व्याख्या निरीक्षणातून आली आहे, हे एक उंबर चिरून पाहिले की कळते. कच्चे, बोराएवढे उंबर उभे कापावे. आत पोकळी दिसते, आणि तिच्या भिंतीला आतल्या बाजूने खसखशीसारखी दाट बसलेली बारीक फुले. देठाच्या समोरच्या टोकाला खवल्यांनी झाकलेले एक सूक्ष्म भोक असते. तेवढ्यातून चिलटाएवढी गांधीलमाशीची जात आत शिरते, परागण करते आणि तिथेच अंडी घालते. म्हणजे फूल आहे, पण फळाच्या पोटात. बाहेरून पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, म्हणून दुर्मीळ माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. आतले किडे मात्र लोकांना चांगले ठाऊक होते. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ हा वाक्प्रचार उगाच झालेला नाही. शास्त्रकारांनी बाहेरून दिसले ते अचूक नोंदवले आणि त्यावर वर्ग उभा केला.

मग चार वर्गांतल्या या एका, त्यातल्या त्यात सगळ्यात लहान वर्गाचे नाव मराठीत सगळ्या विद्येला कसे मिळाले? शेजारच्या भाषा पाहिल्या तर प्रश्न आणखी टोकदार होतो. बंगालीत ‘उद्भिद’वरून नाव आले, चरकाच्या व्यापक शब्दाला ते सर्वांत जवळचे. कन्नड आणि मल्याळममध्ये ‘सस्यशास्त्र’, म्हणजे पिकाच्या शब्दावरून. तमिळमध्ये ‘स्थावर’वरून घडलेला ‘तावरवियल’, जागचे न हलणाऱ्यांची विद्या. संस्कृतचा एकच साठा समोर असताना असे वेगवेगळे शब्द उचलले गेले. जुन्या काळापासून सगळ्यांना सामाईक असे नाव असते, तर असे झाले नसते. ही नावे आधुनिक शिक्षणाच्या काळात, ज्याने त्याने आपापल्या भाषेच्या चालीने ठरवली, एवढे यावरून खात्रीने म्हणता येते.

मराठीची चाल कोणती, याबद्दल माझे मत असे. बोलण्यातल्या ‘वनस्पती’ला औषधाचा वास आहे. ‘वनस्पतीचं औषध’ म्हणजे झाडपाल्याचे औषध. ‘रानातून एक वनस्पती आणली’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा लगेच विचारतो, कशावर? झुडूप असो, वेल असो, गवत असो, उपयोगाची असली की ती वनस्पती. हा अर्थ चरकाच्या वर्गवारीतून आलेला नाही. तो वैद्याच्या बटव्यातून, काष्ठौषधीच्या दुकानातून, गावोगाव मुळ्या घेऊन फिरणाऱ्या वैदूंच्या तोंडून आलेला असावा. शास्त्र हा उत्तरार्ध शाळांनी जोडला. पूर्वार्ध आधीच लोकांच्या वापरात रुंदावलेला होता. तसे असेल तर ‘वनस्पतिशास्त्र’ हा शब्द अर्थाने अमरकोशाचा नसून मालुपाच्या आणि अंतोनियाच्या बाजूचा ठरतो.

युरोपातही अखेर ‘सिंपल्स’ मागे पडला. तूर्नफोर याचे ‘बोटॅनिक’ हे नाव मिरवणारे फ्रेंच पुस्तक १६९४चे. इंग्रजीत ‘बॉटनी’ रुळला तो त्याच सुमारास. ग्रीक ‘बोटाने’ म्हणजे गवत, चारा; त्याच्यामागचे क्रियापद चरण्या-चारण्याचे. तिथेही विद्येचे नाव पुस्तकी वर्गवारीतून न येता गुराख्याच्या रोजच्या शब्दातून आले.

हा शब्द सरकारी कागदांत इकडे येतो तेव्हा काय होते, हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये दिसते. अहमदनगरचा सतरावा खंड १८८४चा. खर्ड्याची नोंद त्यातच आहे. दोन वर्षांनी निघालेला पंचविसावा खंड मात्र कोणत्याच जिल्ह्याचा नाही. त्याचे शीर्षकच ‘बॉटनी’ आहे. जिल्ह्यांच्या शेजारी एका विद्येला स्वतंत्र खंड मिळाला. त्यातला उपयोगी वनस्पतींचा मोठा भाग डॉ. जे. सी. लिस्बोआ या गोमंतकीय वैद्यांचा. त्यांच्या पत्नीने १८८९मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सुगंधी गवताच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ती ‘बोथ्रिओक्लोआ ओडोराटा’ म्हणून ओळखली जाते आणि नावापुढे प्रमाण म्हणून ‘लिस्बोआ’ लागते. हे ‘लिस्बोआ’ म्हणजे पतीच, असे वाचणारा सहज समजेल. मूळ लेखावरची सही श्रीमती लिस्बोआ यांची आहे.

पुढच्या अभ्यासकाला एक काम सुचवतो. ओर्ता झाडांची नावे देताना ‘कानडीं’ आणि ‘दख्खनी’ असा भेद करतो. गोव्यातली नावे त्याला घरीच मिळत होती. ‘दख्खनी’ म्हणून दिलेली मात्र घाट चढून गेल्यावरची असण्याचा संभव जास्त. फिकाल्योच्या आवृत्तीतून ही दख्खनी नावे वेगळी काढावीत, ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’च्या एकेरी औषधांच्या भागाशी आणि ‘हॉर्टुस’मधल्या नागरी नावांशी एकेक करून ताडून पाहावीत. जे नाव फिरिश्ताशी जुळेल आणि कोचीनच्या वैद्यांशी जुळणार नाही, ते अहमदनगरच्या बाजूचे म्हणून धरता येईल. तिन्ही ग्रंथ उपलब्ध आहेत. अशी दहा नावे जरी हाती लागली, तरी बुऱ्हाण आणि ओर्ता यांच्या त्या बैठकीतले शब्द आपल्याला जवळजवळ मोजता येतील.